डोक्याला मुका मार : रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास का?

समजा, तुम्ही स्कूटीवरून भाजी घेऊन घरी येत आहात. वळणावर वाळू पडलेली असते, चाक घसरते आणि तुम्ही पडता. गुडघा खरचटतो, डोके रस्त्यावर आपटते. हेल्मेट असते म्हणून रक्त येत नाही, पण डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि क्षणभर काहीच सुचत नाही. लोक उचलून बसवतात, पाणी देतात. हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन होतो. डॉक्टर म्हणतात, ‘‘घाबरण्यासारखं काही नाही, रिपोर्ट नॉर्मल आहे. दोन दिवस आराम करा.’’ घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात.

पण आठवडा उलटला तरी तुम्ही पूर्वीसारख्या होत नाही. कुकरची शिट्टी डोक्यात घुसते. ट्यूबलाइटचा उजेड सहन होत नाही. आमटीत मीठ घातले की नाही, ते आठवत नाही. फोनवरचा चार ओळींचा मेसेज दोनदा वाचावा लागतो. मुलांचे जरा भांडण झाले की रडू कोसळते. आणि मग घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘‘अगं, रिपोर्ट तर नॉर्मल आला ना? मग आता काय होतंय?’’

हा प्रश्न विचारणारा वाईट नसतो. त्याला खरेच कळत नसते. कारण हात मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर थर्मामीटर सांगतो. डोक्याच्या मुक्या माराचे तसे नसते. तो नावाप्रमाणेच मुका असतो. म्हणूनच त्याच्याबद्दल घरातल्या सगळ्यांनी थोडे समजून घेणे गरजेचे आहे.

‘सौम्य’ म्हणजे नेमके काय?

डोक्याला मार बसलेला रुग्ण आला की डॉक्टर त्याची शुद्ध मोजतात. त्यासाठी जगभर ग्लासगो कोमा स्केल ही पद्धत वापरतात. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये मांडली. रुग्ण डोळे कसे उघडतो, बोलतो कसा आणि हातपाय कसे हलवतो, यावरून ३ ते १५ गुण दिले जातात. १३ ते १५ गुण मिळाले, बेशुद्धी आलीच तर ती अर्ध्या तासापेक्षा कमी होती आणि अपघाताच्या आसपासचे न आठवण्याचा काळ २४ तासांच्या आत संपला, तर त्या इजेला ‘सौम्य’ म्हणतात. यालाच बोलीभाषेत आणि क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘कन्कशन’ म्हणतात.

आता यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘सौम्य’ हा शब्द पहिल्या काही तासांतल्या तुमच्या अवस्थेबद्दल आहे. पुढचे काही आठवडे तुम्हाला किती त्रास होईल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. जिवाला लगेच धोका नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘सौम्य’ ऐकून घरच्यांनी ‘किरकोळ’ असे समजू नये.

दुसरा मोठा गैरसमज बेशुद्धीचा. ‘बेशुद्ध पडली नाही म्हणजे मेंदूला काही झालं नाही,’ असे आपण सहज म्हणून जातो. पण कन्कशन झालेल्या बहुतेक लोकांची शुद्ध हरपलेली नसते. काही क्षण गोंधळून जाणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे किंवा पडल्याचा प्रसंगच न आठवणे, ही देखील मेंदूला धक्का बसल्याची खूण आहे. इतकेच काय, डोके कशावर आपटायलाच हवे असेही नाही. गाडीला अचानक ब्रेक लागून मान जोरात पुढे-मागे झाली तरी आत मेंदू हादरू शकतो.

मग स्कॅनमध्ये दिसत का नाही?

आपला मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा आणि अतिशय मऊ असतो. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला की तो आत हलतो, पिळवटतो आणि त्यातल्या बारीक तंतूंवर ताण पडतो.

या ताणामुळे मेंदूतल्या पेशींचे आतले संतुलन बिघडते. पेशीतले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. हा पसारा पुन्हा जागच्या जागी लावण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. पण नेमक्या याच काळात मेंदूला होणारा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. म्हणजे खर्च वाढलेला आणि आवक घटलेली. महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या कोणालाही ही ओढाताण समजावून सांगावी लागणार नाही.

सीटी स्कॅनचे काम वेगळे असते. मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, कवटीला तडा गेला आहे का, तातडीने ऑपरेशन करावे लागेल का, हे तो दाखवतो. पेशींच्या आतली ऊर्जेची ओढाताण त्याला दिसत नाही. साधा एमआरआयही पुष्कळदा नॉर्मल येतो. तेव्हा नॉर्मल रिपोर्ट ही खरोखर आनंदाची बातमी आहे, कारण मोठा धोका टळलेला असतो. पण ‘तुला काहीच झालेलं नाही’ असे त्या रिपोर्टमध्ये कुठेही लिहिलेले नसते.

ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नका

२००९ च्या मार्च महिन्यात इंग्लंडची प्रसिद्ध अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात स्कीइंग शिकताना सोप्या उतारावर पडली. तिला सुरुवातीला काहीच त्रास जाणवला नाही. ती हसत-बोलत होती आणि तिने मदत घ्यायला नकार दिला. काही वेळाने डोके दुखू लागले. कवटी आणि मेंदूच्या आवरणादरम्यान रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांनी तिचे निधन झाले. तेव्हा ती फक्त ४५ वर्षांची होती.

असे फार कमी वेळा होते. पण मधला काही काळ माणूस अगदी ठीक वाटू शकतो, हे या घटनेमुळे जगाला कळले. म्हणून पहिले एक-दोन दिवस रुग्णाला एकटे ठेवू नका आणि खालीलपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ किंवा ११२ वर फोन करा.

• डोकेदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणे
• वारंवार उलटी होणे
• फिट येणे
• झोपेतून उठवूनही नीट जागे न होणे, ग्लानी वाढत जाणे
• बोलताना जीभ अडखळणे, माणसे किंवा जागा न ओळखणे
• हात, पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू कमजोर पडणे, बधिर होणे
• एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे
• नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे

तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. ते सतत किरकिरत असेल, दूध ओढत नसेल किंवा त्याची टाळू फुगलेली वाटत असेल तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका.

घरातल्या आजी-आजोबांची गोष्ट आणखी वेगळी आहे. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे बाथरूममध्ये घसरून लागलेल्या साध्या मारानेही आत हळूहळू रक्त साचू शकते. ते कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी लक्षात येते. आजोबा अचानक जास्त विसरू लागले, चालताना एका बाजूला झुकू लागले किंवा सारखे झोपूनच राहू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असलेल्या व्यक्तीला डोक्यावर मार बसला, तर ती कितीही ठीक दिसली तरी त्याच दिवशी दाखवा.

पहिले ४८ तास : आराम, पण किती?

पूर्वी डॉक्टर सांगायचे की त्रास पूर्ण थांबेपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहा. आता हा सल्ला बदलला आहे. २०२२ मध्ये अॅमस्टरडॅम येथे झालेल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यानुसार पहिले २४ ते ४८ तास आराम करायचा, पण तोही अगदी अंथरुणाला खिळून नाही. घरातल्या घरात हळूहळू फिरणे, स्वतःची आंघोळ, हलके जेवण हे चालते. दिवसेंदिवस पडून राहिल्याने बरे व्हायला उलट जास्त वेळ लागू शकतो.

एका गोष्टीपासून मात्र या ४८ तासांत लांब राहा. तुम्ही हा लेख जिच्यावर वाचत आहात, तीच ती वस्तू. अमेरिकेत १२ ते २५ वर्षे वयाच्या १२५ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्कशननंतरचे पहिले दोन दिवस ज्यांना मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर पूर्ण बंद ठेवायला सांगितले होते, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचा त्रास साडेतीन दिवसांत थांबला. ज्यांना स्क्रीन पाहायची मोकळीक होती, त्यांना तेवढ्यासाठी ८ दिवस लागले. तेव्हा ‘पडल्या पडल्या रील्स बघते’ हा आराम नव्हे.

आता घरोघरी चालणाऱ्या काही समजुती पाहू.

• झोपू देऊ नका : डॉक्टरांनी तपासले असेल आणि धोक्याचे लक्षण नसेल, तर झोप ही औषधासारखी आहे. डॉक्टरांनी मध्ये उठवून पाहायला सांगितले असेल, तर तेवढेच करा.
• टेंगळावर जोरात तेल चोळा : चोळू नका. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे हलकेच धरा.
• शुद्ध नसताना तोंडात पाणी घाला : कधीही नाही. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.
• कोणतीही वेदनाशामक गोळी चालते : पहिल्या दिवसांत अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.

दारू पूर्ण टाळा. गाडी चालवणेही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको, कारण या काळात प्रतिक्रिया देण्याचा वेग मंदावलेला असतो.

क्रिकेटपटू जे करतात, ते आपणही करावे

४ डिसेंबर २०२० चा कॅनबेरातला टी-२० सामना आठवतो? भारताच्या शेवटच्या षटकात मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर आदळला. त्याने डाव पूर्ण खेळून काढला, पण नंतर मैदानात उतरला नाही. त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला, ३ बळी घेऊन गेला आणि सामनावीर ठरला. तेव्हा वाद झाला तो बदली खेळाडूवरून. पण यातली मोलाची गोष्ट ही होती की नाबाद ४४ धावा केलेल्या खेळाडूलाही ‘आता थांब’ असे सांगता आले.

हा नियम २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्याच महिन्यात त्याची गरज पडली. लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. स्मिथ तपासणीत ठीक निघाला, पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. त्रास जाणवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मग त्याला उरलेल्या सामन्यातून आणि पुढच्या कसोटीतूनही बाहेर बसावे लागले. म्हणजे लक्षणे उशिरा दिसू शकतात आणि जगातला अव्वल फलंदाजही त्याला अपवाद नाही.

बाहेर बसवण्यामागे ठोस कारण आहे. मेंदू सावरत असताना दुसरा मार बसला, तर त्रास कित्येक पटींनी लांबतो. किशोरवयीन मुलांमध्ये अशा दुसऱ्या मारामुळे मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाण्याचा धोकाही असतो. तो क्वचित असला तरी खरा आहे. ऑस्ट्रेलियाचा गुणी फलंदाज विल पुकोव्हस्की याने डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे २०२५ मध्ये, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी खेळणे सोडले.

तुमचा मुलगा गल्लीत क्रिकेट खेळताना किंवा मुलगी कबड्डी खेळताना डोक्यावर पडली, तर त्या दिवशी खेळ तिथेच संपवा. ‘बरं वाटतंय’ असे तिने शंभर वेळा सांगितले तरीही. पुन्हा सुरुवात पायरीपायरीने होते. आधी घरातली हलकी हालचाल, मग चालणे, मग अर्धी शाळा, मग पूर्ण शाळा, मग एकट्याने सराव आणि डॉक्टरांच्या परवानगीनंतरच धक्काबुक्कीचा खेळ. शाळा आधी आणि सामना नंतर, हा क्रम मोडू नका.

मोठ्यांसाठीही हाच नियम आहे. काम करताना त्रासाला मनातल्या मनात ० ते १० मध्ये गुण द्या. दोन गुणांपर्यंत त्रास वाढला आणि तासाभरात खाली आला, तर काळजी नाही. त्यापेक्षा जास्त वाढला, तर आजचे काम जास्त झाले असे समजा आणि उद्या एक पायरी खाली या.

त्रास रेंगाळला तर?

बहुतेक मोठी माणसे दोन आठवडे ते तीन महिन्यांत बरी होतात. मुलांना साधारण महिनाभर लागतो. हे आधी मनात पक्के ठेवा, कारण ‘आपण आता असेच राहणार’ ही भीतीच त्रास वाढवते.

पण सगळेच इतक्यात बरे होत नाहीत, हेही खरे आहे. अमेरिकेतल्या मोठ्या अपघात-उपचार केंद्रांमध्ये दाखल झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य इजा झालेल्यांपैकी ५३ टक्के लोकांनी वर्षभरानंतरही रोजच्या जगण्यात काही ना काही अडचण असल्याचे सांगितले. डोक्याला न लागता हातापायाला इजा झालेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. हे रुग्ण मोठ्या केंद्रात न्यावे लागलेले होते, त्यामुळे घरात दाराला डोके आपटलेल्या प्रत्येकाला हा आकडा लागू होत नाही. पण वर्षभराने ‘अजून मला पूर्वीसारखं वाटत नाही’ असे म्हणणारी व्यक्ती नाटक करत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

रेंगाळणाऱ्या त्रासावर एकच एक गोळी नाही. पण प्रत्येक त्रासावर स्वतंत्र इलाज असतो, म्हणून ‘बरं वाटत नाही’ एवढेच न सांगता डॉक्टरांना नेमके काय होते ते सांगा.

डोकेदुखी : ती मानेतून येते की अर्धशिशीसारखी आहे, यावर औषध ठरते. मानेची असेल तर फिजिओथेरपीने फरक पडतो. महिन्यातून १०-१५ दिवसांहून जास्त वेळा वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखायला लागते.

चक्कर : कूस बदलताना किंवा वर पाहताना खोली गरगर फिरल्यासारखी वाटते का? डोक्याला झटका बसल्याने आतल्या कानातले सूक्ष्म कण जागेवरून सरकतात, तेव्हा असे होते. जाणकार डॉक्टर डोके ठराविक क्रमाने वळवून हे कण परत जागेवर आणतात आणि अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. महिनोन्‌महिने चक्करच्या गोळ्या खाण्याआधी हे एकदा तपासून घ्या.

झोप : रोज एकाच वेळी झोपा आणि उठा. दुपारची झोप अर्ध्या तासावर नेऊ नका. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा.

विसरणे आणि लक्ष न लागणे : ही बुद्धी कमी झाल्याची खूण नाही. मेंदूची बॅटरी सध्या लवकर उतरते आहे, एवढेच. अवघड कामे सकाळी करा. एका वेळी एकच काम हातात घ्या. यादी करा, मोबाईलमध्ये अलार्म लावा. थकून पडल्यावर विश्रांती घेण्यापेक्षा थकण्याआधीच दहा मिनिटे डोळे मिटून बसा.

मन : चिडचिड, उदासपणा, रस्त्यावर निघायची भीती हे सगळे या दुखापतीचा भाग असू शकते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ मन खचलेले राहिले, तर मानसोपचार तज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, म्हणजे १४४१६ या क्रमांकावर, देशात कुठूनही मोफत बोलता येते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. जगावेसे वाटत नाही असे विचार आले, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि मदत घ्या.

तीन महिने होऊनही त्रास कमी होत नसेल, तर न्यूरोलॉजिस्टचा सल्ला घ्या. स्मरणशक्ती आणि एकाग्रता तपासण्याच्या खास चाचण्या असतात. स्कॅनमध्ये न दिसणारी अडचण त्यांतून कागदावर येऊ शकते. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या सरकारी संस्थेत अशा चाचण्या आणि मेंदूच्या पुनर्वसनाची सोय आहे.

ऑफिसला सुट्टी मिळते, स्वयंपाकघराला नाही

डॉक्टर जेव्हा ‘कामावर जाऊ नका’ असे लिहून देतात, तेव्हा आपल्याकडे त्याचा अर्थ ऑफिस असा घेतला जातो. नोकरी करणाऱ्या पुरुषाला आठवडाभर घरी आराम मिळतो. पण घर हेच जिचे कामाचे ठिकाण आहे, तिने रजेचा अर्ज कोणाला द्यायचा?

जरा विचार करा. स्वयंपाकघर ही मेंदूची सर्वात कठीण परीक्षा असते. एका शेगडीवर भाजी, दुसरीवर पोळी, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, दूध उतू जाऊ द्यायचे नाही, मध्येच दाराची बेल आणि ‘आई, माझा मोजा कुठे आहे?’ एकाच वेळी इतक्या गोष्टींवर लक्ष ठेवणे, गरम वाफ, मिक्सरचा आवाज, सतत वाकणे आणि उठणे. कन्कशननंतर नेमके हेच सगळ्यात जड जाते. ‘फक्त घरातलंच तर काम आहे’ असे म्हणून तिसऱ्या दिवशी तिला ओट्यापाशी उभे केले, तर तिची दुखापत आपण स्वतःच लांबवत असतो.

म्हणून घरच्यांनो, हे तुमच्यासाठी.

• कामे वाटून घ्या आणि ती न सांगता करा. ‘काय करू ते सांग’ म्हटले की यादी करण्याचे काम पुन्हा तिच्याच डोक्यावर येते.
• टीव्हीचा आवाज कमी ठेवा, तिच्या खोलीतला उजेड मंद करा.
• भेटायला येणाऱ्यांना काही दिवस थांबवा. चार जणांशी एकदम बोलणे या काळात फार थकवते.
• ‘मनावर घेऊ नकोस’, ‘सगळं तुझ्या डोक्यात आहे’ असे म्हणू नका. हो, डोक्यातच आहे. दुखापत तिथेच झाली आहे.
• ‘आज कसं वाटतंय? काल संध्याकाळपेक्षा बरं आहे का?’ एवढे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या.

तुम्ही स्वतः रुग्ण असाल, तर एका वहीत रोज दोन ओळी लिहा : आज काय केले आणि किती त्रास झाला. आठवड्याने मागे वळून पाहिले की सुधारणा दिसते आणि धीर येतो. डॉक्टरांनाही या वहीचा फार उपयोग होतो. बरे होण्याची रेषा सरळ नसते. दोन दिवस छान जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा डोके धरते. याचा अर्थ आपण पहिल्या पायरीवर आलो असा नाही.

आणि एक गोष्ट बोलायला अवघड, पण आवश्यक. डोक्यावरचा प्रत्येक मार रस्त्यावर किंवा मैदानात बसत नाही. काही स्त्रियांना तो घरातच, मारहाणीत बसतो, आणि हॉस्पिटलमध्ये मात्र ‘जिन्यावरून पडले’ असे सांगितले जाते. असे झाले असेल तर निदान डॉक्टरांना खरे सांगा, कारण पुन्हा मार बसण्याचा धोका त्यांना कळायला हवा. १८१ ही महिला हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

हेल्मेट गाडीच्या आरशावर नाही, डोक्यावर

या दुखापतीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या दाराशीच टांगलेला असतो. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार ४ वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे, मागे बसणाऱ्यालाही. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी वेगळे छोटे हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा वापरण्याचा नियम आहे आणि अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा.

हेल्मेट घेताना आयएसआय खूण पाहा. हनुवटीखालचा पट्टा प्रत्येक वेळी लावा, नाहीतर पडताना हेल्मेट आधी उडून जाते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला, कारण धक्का शोषणारा आतला थर दबलेला असतो. साडीचा पदर आणि ओढणी चाकापासून लांब, नीट खोचून ठेवा. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर बाथरूममध्ये घसरू नये अशी मॅट आणि भिंतीला धरायला दांडी आजच बसवून घ्या, आणि रात्री जाण्या-येण्याच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा.

इतकी काळजी घेऊनही कधी कोणी पडलेच, तर रिपोर्ट नॉर्मल आल्यावर देवाचे आभार जरूर माना. पण त्या कागदाबरोबर आपली काळजी फाइलमध्ये बंद करू नका. पुढचे काही आठवडे त्या माणसाकडे लक्ष ठेवा. मुका मार स्वतः बोलत नाही, पण ज्याला तो लागला आहे ती व्यक्ती बोलत असते. ती ‘मला त्रास होतोय’ म्हणाली की आधी तिच्यावर विश्वास ठेवा.